संसार मोडला, दावा कुणावर?

(जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलढाणा येथे परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली वऱ्हाडी वाक्ये तशीच ठेवली आहेत. बायांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



बैठकीचं पत्रक काढताना विषय ‘विवाह आणि कायदा’ असा लिहिला गेला. तो फार मोठा आहे. मी त्यातल्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे, आणि तो प्रश्नही माझा नाही, इथून जवळच्याच एका गावातल्या बाईचा आहे.

कापूस वेचणीचे दिवस होते. ती आमच्या सल्ला केंद्रात आली तेव्हा तिच्या गावच्या शेवटच्या एसटीला तासभर उरला होता. चौदा वर्षांचा संसार, दोन लेकरं, दीड एकर कोरडवाहू. नवरा पुण्याकडे बांधकामावर जातो. आधी पेरणीला आणि दिवाळीला घरी यायचा, दोन वर्षांपासून येणं बंद. तिकडे त्याच कामावरच्या एका बाईबरोबर राहतो. हे सगळं तिने दोन मिनिटांत सांगितलं, जणू ते सांगायला ती आलीच नव्हती. मग पोराचा मोबाईल पुढे केला. त्यावर कोणीतरी पाठवलेली बातमी होती.

“ताई, वाचा. आता त्या बाईवर दावा टाकता येते. हायकोर्टानं सांगतलं. तिनं माह्यं घर मोडलं, तिच्यापासून मले भरपाई पायजे.”

मी विचारलं, “तिच्याजवळ काय आहे?”

“तिच्याजवळ? काहीच नाही. पत्र्याची खोली हाय, तीबी भाड्याची.”

तुम्ही हसलात. आमच्या केंद्रातली एक कार्यकर्तीही हसली. ती बाई मात्र हसली नाही. तिला उत्तर हवं होतं, आणि त्या दिवशी माझ्याजवळ धड उत्तर नव्हतं. “बघते, पुढच्या आठवड्यात या,” असं म्हणून मी तिला एसटीला सोडलं. त्यानंतर जे वाचलं, वकील मैत्रिणींना विचारून जे समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी ती बातमी. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका पत्नीने नवऱ्याच्या आयुष्यात आलेल्या बाईवर नुकसानभरपाईचा दावा लावला. प्रेम हिरावून घेतल्याबद्दलची भरपाई. समोरच्यांचं म्हणणं होतं की, हे नवरा-बायकोचं भांडण आहे, ते कौटुंबिक न्यायालयात न्या. न्यायालय म्हणालं, नाही, तिऱ्हाईत माणसाविरुद्धचा हा दावा दिवाणी न्यायालयात चालू शकतो, आणि समन्स काढलं. एवढंच. त्या बाईने खरोखर काही चूक केली, तिने इतके पैसे द्यावेत, असं काहीही त्या आदेशात नाही. दार उघडलं, आत काय आहे ते अजून ठरायचं होतं. शिवाय दिल्लीचा आदेश आपल्या मेहकरच्या कोर्टाला बांधून ठेवत नाही. आपलं उच्च न्यायालय मुंबईचं, त्याचं खंडपीठ नागपूरला. दिल्लीचं म्हणणं इथे वकील वाचून दाखवू शकतो, न्यायाधीशांनी ते मानलंच पाहिजे असं नाही.

याआधी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत ही गोष्ट बोलून दाखवली होती. पहिला खटला गुजरातचा. १९९६ मध्ये एका विवाहितेने आत्महत्या केली, नवऱ्याचं कचेरीतल्या एका सहकारी बाईशी नातं होतं अशी तक्रार होती. न्यायालयाने नवऱ्याला सोडलं. नुसतं बाहेरचं नातं म्हणजे ४९८-अ मधला छळ होत नाही, असं सांगितलं. त्याच निकालात असंही म्हटलं की, तिऱ्हाईताने जाणूनबुजून पती-पत्नीत फूट पाडली तर तो दिवाणी स्वरूपाचा अपराध आहे, पण या कायद्याने आपल्या देशात फारशी मुळं धरलेली नाहीत. दुसरा निकाल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. त्यात विवाहित पुरुषाबरोबर अनेक वर्षं राहिलेली एक बाई कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पोटगी मागायला गेली होती. तो विवाहित आहे हे तिला माहीत होतं, म्हणून हे ‘विवाहासारखं नातं’ नाही, असं न्यायालयाने ठरवलं. वर असंही सुचवलं की, त्याची लग्नाची बायको आणि मुलंच हिच्याविरुद्ध भरपाई मागू शकतील. मागायला गेली होती पोटगी, आणि परत आली ती अंगावर दाव्याची भीती घेऊन. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा इथे येणार आहे.

आता असा दावा खरंच लावला, तर सिद्ध काय करावं लागतं? तिऱ्हाईताने मुद्दाम, संसार मोडायच्या हेतूने काही केलं. त्या करण्यामुळेच नवरा दुरावला, दुसऱ्या कशामुळे नाही. आणि त्यामुळे बायकोचं मोजता येईल असं नुकसान झालं. उलट नवरा आपल्या मर्जीने, कोणी भरीला न घालता गेला असं दिसलं, तर तिऱ्हाईतावर जबाबदारी येत नाही. हे दिल्लीच्या आदेशातच आहे. आता कोर्टात कोण उभं राहील ते डोळ्यांपुढे आणा. नवरा साक्षीला येणार आणि म्हणणार, “मी माझ्या मर्जीने गेलो.” त्या दुसऱ्या बाईचा सर्वांत पक्का साक्षीदार तोच. मग तिचा वकील आपल्या बाईची उलटतपासणी घेणार. घरात भांडणं होती की नाही? तुम्ही माहेरी किती महिने राहत होता? नवऱ्याशी कसं वागत होता? चौदा वर्षांचं अंथरूण-पांघरूण चव्हाट्यावर. नवऱ्याला मात्र कोणी आरोपी म्हणणार नाही, कारण दावा त्याच्यावर नाहीच.

खर्चाचं पाहा. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर १९९४ मध्ये अधिसूचना काढून पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबींत बायांना कोर्ट फी माफ केली. ही सवलत आपल्यातल्या कितीतरी जणींना अजून माहीत नाही, वकीलही आठवणीने सांगत नाहीत. पण तिऱ्हाईताकडून भरपाई हा विषय या चारांत बसतो का, यावर पहिल्याच तारखेला वाद होईल. पाच लाख मागायचे तर पाच लाखांवर फी. आणि जिंकलीच, तर वसुली कशाची करणार? भाड्याच्या पत्र्याची?

हा दावा मुळात कुणासाठी होता तेही पाहिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये जुन्या काळी नवरा बायकोच्या प्रियकरावर दावा लावून पैसे घेई. बायको ही त्याची, तिला कोणी हात लावला तर मालकाचं नुकसान, शेतात दुसऱ्याची गुरं शिरावीत तसं. १८५७ मध्ये त्या दाव्याचं रूप बदललं, पण घटस्फोटाच्या खटल्यात प्रियकराकडून भरपाई मागायची सोय तिथे १९७० पर्यंत होती. तीच कल्पना इंग्रजांनी इथे आणली. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा ख्रिस्ती समाजाला लागू होता. त्यातल्या ३४ व्या कलमाने नवऱ्याला असा दावा दिला. बायकोला दिला नाही. ते कलम २००१ च्या दुरुस्तीत गेलं. अमेरिकेतही हा दावा आधी नवऱ्यांचाच होता, बायकांना नंतर मिळाला. १९३५ पासून तिथली एकेक राज्यं तो रद्द करत गेली. नॉर्थ कॅरोलायनासारख्या थोड्या राज्यांत तो अजून आहे.

आपल्याकडे हे काही फक्त साहेबांनी आणलेलं नाही. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात बाईने पहिला नवरा सोडून दुसरं घर केलं, तर नव्या नवऱ्याने जुन्याला पैसे द्यायचे, हे पंच बसून ठरवतात. आपल्या वऱ्हाडातल्याही कित्येक जातींत पाट लागताना जुन्या नवऱ्याचा लग्नखर्च फेडायची रीत होती. त्या रीतीत एक बरं होतं, बाईला दुसरं घर करता येत होतं. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींत तेही नव्हतं. पण पैसे या पुरुषाच्या हातून त्या पुरुषाच्या हातात जात. बाई तिथेच बसलेली असे, तिला कोणी विचारत नसे की तुझं काय नुकसान झालं.

भारतीय दंड संहितेतलं ४९७ कलम याच घरातलं. १८६० चा कायदा. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पण तक्रार नवऱ्यानेच करायची. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! आणि नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला कोणावरच तक्रार करता येत नव्हती. १९५४, १९८५, १९८८ असं तीनदा हे कलम सर्वोच्च न्यायालयात टिकलं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केलं. त्यांच्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. १९८५ साली ते कायम ठेवणारे होते त्यांचे वडील, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. घरातल्या घरात तेहतीस वर्षं लागली.

त्यामुळे आता ‘बाहेरचे संबंध’ हा फौजदारी गुन्हा नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. पोलीस ठाण्यात जाऊन “तिला आत टाका” म्हणण्यात अर्थ नाही. तरी एक शेपूट राहिलंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ८४ वं कलम आहे. दुसऱ्याच्या बायकोला अनैतिक संबंधाच्या हेतूने फूस लावून नेलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. जुनं ४९८, ‘अ’ नसलेलं. बायकोला फूस लावता येते, नवऱ्याला लावता येत नाही, असं हा कायदा अजून मानतो.

‘फूस’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. रखमाबाईंचा खटला तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी दादाजी भिकाजींकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी सोडून दिलं, आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. या सगळ्या काळात दादाजींच्या बाजूचं एक म्हणणं सतत होतं की हिला आजोबांनी आणि आईने फितवलं, इस्टेटीसाठी. म्हणजे बाईला स्वतःचं मन असू शकतं, हे मानायचंच नाही. कोणीतरी फितवणारा शोधायचा.

आज आपण नवऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच करतो. “तो साधा हो, तिनं नादी लावला.” “भोळा हाय, तिनं काहीतरी खाऊ घातलं.” चौदा वर्षं घरात हुकूम चालवणारा, पगार कुठे गेला विचारलं तर हात उचलणारा माणूस एकाएकी भोळा कसा होतो? लग्नात शब्द त्याने दिला होता. त्या दुसऱ्या बाईने आपल्या बाईला कोणताच शब्द दिलेला नव्हता. ज्याने शब्द दिला तो मोडल्याबद्दल ज्याला विचारायचं, त्याला सोडून आपण तिसरीकडे बोट दाखवतो.

इथे मला माझी एक चूक सांगू द्या. समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते तेव्हा अशी बाई आली की मी तिला लगेच समजावू लागायची, “ती पण आपल्यासारखीच बाई आहे, तिचाही छळच होतोय.” एकदा एका बाईने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, “मॅडम, माह्या लेकराच्या ताटातलं दूध तिच्या लेकराच्या ताटात गेलं. मी आधी रडू की तिची बहीण होऊ?” त्यानंतर मी ते वाक्य पहिल्या भेटीत बोलत नाही. भगिनीभाव हा सल्ला म्हणून देता येत नाही. शिवाय सगळ्याच दुसऱ्या बाया बिचाऱ्या नसतात. पहिलीला घराबाहेर काढा म्हणून हटून बसलेली, फोनवरून पहिलीला घाणेरडं बोलणारी मीही पाहिली आहे. तसं बोलणं, धमकी, मारहाण यांची वेगळी तक्रार होते, ती जरूर करा. फक्त ४९८-अ च्या तक्रारीत, म्हणजे आता न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात, तिचं नाव घालू नका. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की, ती ‘नवऱ्याची नातेवाईक’ नाही. तिचं नाव घातलं की समोरच्याचा वकील तिथूनच तक्रार फाडायला सुरुवात करतो.

आणि त्या दुसरीचं कायदा काय करतो? यमुनाबाई आढाव विरुद्ध अनंतराव आढाव हा आपल्याच महाराष्ट्रातला खटला, निकाल १९८८ चा. यमुनाबाईंचं लग्न १९७४ मध्ये रीतीप्रमाणे झालं होतं. पण अनंतरावांची पहिली बायको हयात होती. न्यायालय म्हणालं, हे लग्नच नाही, म्हणून पोटगीही नाही. त्याला काही सोसावं लागलं नाही. २०१३ मध्ये बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या, पुन्हा महाराष्ट्रातल्याच, खटल्यात थोडं वेगळं झालं. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला पोटगी देताना न्यायालयाने सांगितलं की, पुरुषाला स्वतःच्या लबाडीचा फायदा घेऊ देता येणार नाही. पण लपवलं हे सिद्ध करता आलं तर. माहीत असताना राहिली, तर मघाशी सांगितलेला तो दुसरा निकाल आहेच. म्हणजे पहिलीने दुसरीवर दावा लावायचा, दुसरीने पोटगीसाठी दारोदार फिरायचं, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो पुण्यात तिसरीकडे राहायला मोकळा.

बरं, तिऱ्हाईत म्हटलं की आपल्याला फक्त बाईच का दिसते? गावात संसार मोडायला कितीतरी हात लागतात. “पोरीच झाल्या, दुसरी कर” म्हणणारी सासू. दुसरी मुलगी पाहून देणारा मामा. दुसऱ्या लग्नाच्या मांडवात जेवून येणारी भावकी. शंभराच्या स्टँपवर फारकत लिहून देणारा लिहिणावळ. लक्षात घ्या, हिंदू विवाह कायद्याखाली असा कागद म्हणजे घटस्फोट नाही. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर ती कोर्टात शाबीत करावी लागते. नुसत्या कागदाने काही होत नाही.

या हातांवर मात्र कायदा आहे. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न केलं तर न्याय संहितेचं कलम ८२, जुनं ४९४, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ज्यांनी त्या लग्नाला मदत केली तेही त्यात येऊ शकतात. पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत, आणि ती तक्रार फसवली गेलेली दुसरी बाई करू शकते. पोलीस ही तक्रार थेट घेत नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद करावी लागते. बाईच्या वतीने तिचे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलंही करू शकतात. पण इथेच आपली माणसं हरतात, म्हणून भाऊराव लोखंडे यांचा खटला सांगते. तोही महाराष्ट्रातला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६५ चा. पहिली बायको असताना १९६२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. खालच्या कोर्टांनी त्यांना आणि मदत करणाऱ्यालाही शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात दोघेही सुटले. का? दुसरं लग्न आवश्यक त्या विधींनी झालं हे शाबीत झालं नाही म्हणून. बायको म्हणून घरात ठेवली, गावाने पाहिलं, हे पुरत नाही. म्हणून दुसऱ्या लग्नाची कुणकुण लागली की रडण्याआधी पुरावा जमवा. पत्रिका, फोटो, व्हिडिओ, लग्न लावणाऱ्याचं नाव, सप्तपदी झाली की नाही, समाजाचा जो विधी असेल तो झाला का, साक्षीला कोण येईल. देवळात हार घातले एवढ्यावर बहुतेक वेळा काम होत नाही.

आता भरपाई. ती मागायचीच, पण ज्याने शब्द दिला त्याच्याकडून. कौटुंबिक हिंसाचार कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचं २२ वं कलम मानसिक त्रासाबद्दल भरपाईचंच आहे. फार थोड्या अर्जांत ते मागितलेलं दिसतं. सगळे पोटगीवर थांबतात. १९ व्या कलमाने राहत्या घरात राहण्याचा हक्क, २० व्याने खर्च, १८ व्याने नवऱ्याला मालमत्ता विकण्यापासून थांबवणारा हुकूम. २०१६ च्या निकालानंतर सासू-नणंदेलाही यात प्रतिवादी करता येतं. स्त्रीधन कुणाच्याही कपाटात असो, ते तुमचंच आहे, हे १९८५ मध्येच ठरलं आहे. जुनं १२५ कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे, पोटगी तिथेही मागता येते. आणि नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून, तो आपल्या नागपूर खंडपीठातून वर गेलेला खटला, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनीही आपल्या कमाईचं, मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असा नियम आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

यातलं बरंचसं मी त्या बाईला पुढच्या आठवड्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की, ही मॅडम त्या बाईला वाचवते आहे असं तिला वाटतंय. मी तिला एकच काम दिलं. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफाराचे उतारे आणायचे.

ते घेऊन ती आली तेव्हा पहिल्यांदा ती गप्प होती. दीड एकर नवऱ्याच्या नावावर नव्हतंच. त्याचं येणं बंद झालं त्याच सुमारास त्याने ते बक्षीसपत्राने थोरल्या भावाला देऊन टाकलं होतं. ज्या दिराच्या ओसरीवर बसून ती दोन वर्षं “तुमच्या भावाला समजवा” म्हणत होती, त्याच दिराला. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली होती म्हणे. चावडीवरच्या नोटिसा आपण बाया कधी वाचतो?

आता तिऱ्हाईतावर दावा झाला आहे, पण दिरावर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ३९ वं कलम, १८८२ चं, जुनाट पण धारदार. ज्या जमिनीच्या उत्पन्नातून बाईला पोटगीचा हक्क आहे, ती जमीन फुकट दुसऱ्याला दिली, तर तो हक्क घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. विकत घेणारा “मला माहीत नव्हतं” म्हणू शकतो, बक्षीस घेणाऱ्याला ते म्हणता येत नाही. कोर्ट काय ठरवेल ते तारखांना कळेल. तुम्ही मात्र घरी गेल्यावर आपापला सातबारा एकदा काढून बघा, भांडण असो वा नसो.

ती दुसरी बाई राहिली. आमच्या पुण्यातल्या एका कार्यकर्तीने तिची गाठ घेतली. आधी ती दार उघडेना. मग म्हणाली, “त्यांची फारकत झालेली आहे, माझ्याजवळ कागद आहे.” तिने कागद दाखवला, कार्यकर्तीने त्याचा फोटो पाठवला. स्टँपपेपर, दोन साक्षीदार, खाली आपल्या बाईच्या नावापुढे अंगठा.

आपली बाई सातवी शिकलेली आहे. बचत गटाच्या वहीत दर महिन्याला तिची सही असते. तिने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. “हा अंगठा कोनाचा व ताई?” एवढंच म्हणाली. साक्षीदारांतलं एक नाव दिराचं होतं.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात मेहकरला आहे. वकील म्हणतात, फोटोवर भागणार नाही, मूळ कागद कोर्टात यायला हवा. तो त्या दुसरीच्या पेटीत आहे. तिला तो घेऊन साक्षीला येशील का, असं कोणी विचारायचं, यावर आमची चर्चा चालली होती, तर आपली बाई म्हणाली, “नंबर द्या, मीच लावते फोन.” अजून लावलेला नाही. नंबर तिच्याजवळ आहे.